दोऱ्या आंब्याचं डोकं

झाडावर एक काडी बांधायला काही मिनिटं पुरतात. ती लागली की नाही हे कळायला महिना जातो. त्या महिन्यात आमच्यासारख्या कलमवाल्यांनी करायचं काय? ज्याच्या अंगणात काम केलं त्याच्या ओट्यावर बसून चहा प्यायचा आणि ऐकायचं. मालक बोलतो, मालकीण बोलते, कुंपणापलीकडचा शेजारी तर हक्काने बोलतो. ज्याने आयुष्यात कढीपत्त्याचं रोपसुद्धा लावलेलं नाही तो सगळ्यात जास्त बोलतो! पेणपासून रोह्यापर्यंत असं ऐकत फिरलं की किस्से इतके साठतात, की आमच्या पिकअपमध्ये मागे काड्यांच्या गोणी आणि पुढे किस्से अशीच वाहतूक चालते.

आमची गँग तिघांची. मी, बी.एस्सी. हॉर्टिकल्चर, नातेवाइकांत "चार वर्षं शिकली आणि झाडावर चढली" म्हणून प्रसिद्ध. राजूदादा, पिकअपचा मालक, करवत घेऊन कुठल्याही झाडावर चप्पल न काढता चढतो. आणि सुनंदामावशी. बांधलेल्या काडीवर ती प्लास्टिकची पट्टी अशी ओढून गुंडाळते की पाणी आत शिरायचा विचारच सोडून देतं.

काम काय, तर जुन्या झाडाची जात बदलणं. दारात आजोबांच्या वेळचा रायवळ आंबा असतो, कोयीतून उगवलेला. फळ आंबट, नाहीतर पाणचट. तो मुळापासून तोडून नवीन रोप लावलं तर आंबा दिसेपर्यंत वर्षंच्या वर्षं जातात. म्हणून शिमगा झाला की आम्ही त्याच्या मोठ्या फांद्या कापतो. कापल्या जागी कोवळे फुटवे येतात. पावसाळ्यात हवेत ओल आली, की त्या फुटव्यांवर हापूसच्या नाहीतर केसरच्या काड्या बांधायच्या. वर प्लास्टिकची टोपी. काडीने धरलं, तर टोपीच्या आत तांबूस पालवी दिसते. मुळं आजोबांची, आंबे नातीचे!

हे सगळं घरच्यांना पटवताना मात्र मला घाम फुटला. आमच्या घरात काहीही ठरवायचं तर आधी तात्या. तात्या म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, पंचाहत्तरी उलटलेले. त्यांचे जावई नागोठण्याजवळ एका कंपनीत लॅबमध्ये आहेत आणि तिथे एक जागा निघाली होती. तात्यांनी मला ओट्यावर बोलावून अट घातली.

"आधी घरचं झाड कर. गणपती यायच्या आत पालवी दिसली तर तुझं तू बघ. नाय दिसली तर जावयाबरोबर शिफ्टला जायचं. कबूल?"

"कबूल!" मी म्हटलं.

बाबा पेपरमागून हळूच म्हणाले, "जरा विचार करून..."

तोपर्यंत मी राजूदादाला फोन लावलासुद्धा होता. लॅबबद्दल माझं वाईट मत नाही. पण एसीत बसून काचेच्या नळ्या हलवायला मी चार वर्षं चिखल तुडवला नव्हता. आज हे हसत सांगतेय. तेव्हा रात्री उठून कलमांचं पुस्तक चाळत बसायचे.

*

घरचं झाड म्हणजे दोऱ्या. आमच्याकडे प्रत्येक रायवळाला नाव असतं. याचा एक आंबा खाल्ला की संध्याकाळपर्यंत दातांतून दोरे ओढत बसावं लागतं, म्हणून हा दोऱ्या.

आजोबांनी वाटण्या केल्या तेव्हा शेत तिघा भावांत वाटलं, घर वाटलं, आणि झाड एकच होतं म्हणून फांद्या वाटल्या! घराकडची फांदी तात्यांची, विहिरीकडची बाबांची, रस्त्याकडची धाकट्या नानाकाकांची. खोड सामाईक. नानांचं पेणला दुकान आहे, पण मे महिन्यात फांदी बघायला ते न चुकता गावी येतात. रस्त्याकडच्या फांदीवरून सुटलेला आंबा एकदा घरंगळत तात्यांच्या पडवीत गेला. तो कुणाचा, यावरून दोघे भाऊ महिनाभर बोलले नाहीत. आंबा पहिल्याच दिवशी गाईने खाल्ला होता!

तर कापायच्या आधी तिघांची बैठक बसली.

"माझ्या फांदीवर हापूस," नाना म्हणाले.

"माझ्यावर केसर," बाबा म्हणाले. हे मी आदल्या दिवशी पढवून ठेवलं होतं.

"माझ्या फांदीला हात लावायचा नाय," तात्या म्हणाले.

"पण तात्या, त्या आंब्याचं तुम्ही करता काय?"

"लोणचं."

आतून काकूचा, म्हणजे तात्यांच्या बायकोचा, आवाज आला, "कोण घालतं त्याचं लोणचं? लगीन होऊन आले तेव्हापास्नं मी एकदा घातलं नाय! फोड चावली का सुतळी चावल्यासारखी लागते!"

तात्या जागचे हलले नाहीत. "मग सावलीला. पण हात लावायचा नाय."

खरं सांगू? मला आतून बरंच वाटलं. अशा कामात एक फांदी पानांसकट राखायचीच असते, बाकीचं झाड तिच्यावरच तग धरतं. हे मी तात्यांना अजिबात सांगितलं नाही. "अख्खं झाड माझ्या फांदीवर जगतंय" हे त्यांनी पुढची दहा वर्षं नानांना ऐकवलं असतं!

*

आमच्याकडे मोठं झाड कापायचं तर आदल्या दिवशी त्याला सांगावं लागतं. नारळ ठेवायचा, अगरबत्ती लावायची आणि झाडाला तोंडी कळवायचं. म्हणजे झाडावर जे कोण राहत असेल त्याला मुक्काम हलवायला वेळ मिळतो.

मी म्हटलं, "असलं काही नको, उद्या सकाळी करवत." काकूने असे डोळे वटारले की मी नारळ आणायला मुकाट्याने दुकानात गेले.

संध्याकाळी सगळे झाडाखाली जमलो. तात्यांनी टोपी नीट केली, हात जोडले आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"बाबा रे, उद्या तुझं डोकं कापणार हायत. मी नको बोललो व्हतो. ही माझ्या भावाची पोरगी हाय, ही उभी हाय बघ, निळ्या ड्रेसवाली. शिकलेली हाय. राग धरायचा तर हिच्यावर धर. मी घराकडच्या फांदीवाला. माझा काय संबंध नाय!"

तेवढ्यात बाबांच्या फोनवर पेणहून नाना. "स्पीकरवर टाक, स्पीकरवर टाक." बाबांनी फोन झाडासमोर धरला.

"हॅलो," नाना झाडाला म्हणाले, "मी रस्त्याकडचा!"

*

दुसऱ्या दिवशी राजूदादाने दोन्ही फांद्या उतरवल्या. अंगण एकदम उघडं पडलं. एका बाजूला तात्यांची फांदी डुलतेय आणि बाकी नुसते ठोकळे. मी कापलेल्या जागी पेस्ट लावली, वर ओलं गोणपाट बांधलं आणि हातपाय धुवायला गेले. परत येऊन बघते तर पडवीत बायका बसलेल्या!

आधी चार, मग सात, मग बाहेर चपलांचा ढीग. सगळ्या डोक्यावर पदर घेऊन हळू आवाजात बोलत होत्या. समाचाराला आल्या होत्या! कुणी गेलं की जातात तशा!

"कधी झालं?" एकीने विचारलं.

"सकाळी," काकू म्हणाली.

"घरात कोण कोण व्हतं?"

"सगळीच व्हती."

"फार सोसलं गो त्यानं. पण कधी कुणाला आंब्याला नाय म्हटलं नाय."

आदल्याच मे महिन्यात हीच बाई "तुमचा दोऱ्या गुरांना घाला" म्हणाली होती. पण गेलेल्याबद्दल वाईट बोलायचं नसतं. काकूने बिनदुधाचा चहा केला. रोह्याजवळच्या वरशाहून आलेले एक दूरचे मामा बिस्किटांचा पुडा घेऊन आले आणि बाबांच्या खांद्यावर हात ठेवून बसले. बाबांचेही डोळे पाणावले! मला राहवेना.

"अहो, झाड जिवंत आहे! महिन्याभरात फुटवे येतील!"

कोपऱ्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजीने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"येतील गो बाय, येतील. पयल्या दिवशी सगळ्यांना असंच वाटतं."

*

फुटवे महिन्याभरात आले, चांगले जोमदार आले. पण त्याआधी जोह्याचा किस्सा. दोऱ्याच्या फांद्या उतरवल्या त्याच आठवड्यात पेणजवळच्या जोह्याला एका गणपतीच्या कारखान्यामागे तीन झाडं होती. मोठ्या फांद्या कापून झाल्या. कापलेल्या जागी बुरशी लागू नये म्हणून मोरचूद आणि चुन्याची निळी पेस्ट लावतात. सुनंदामावशी त्या दिवशी आली नव्हती. कारखान्यातला आखणीवाला प्रदीप, म्हणजे मूर्तींचे डोळे रंगवणारा, मोकळा बसला होता. आखणीचं काम सुरू व्हायला अजून अवकाश होता.

"मॅडम, द्या ब्रश. आपला हातखंडा आहे."

मी खूश! असा हात कुठे मिळणार? पहिली फांदी रंगवायला त्याने घेतली ती चहा येऊन थंड झाला तरी संपेना. एक हात मारायचा, मागे सरकायचं, एक डोळा मिटून बघायचं, परत पुढे.

"प्रदीपदादा, बुरशीसाठी आहे हो हे, दर्शनाला नाही ठेवायचंय!"

"एकच ओघळ आलाय मॅडम. तेवढा घेतो. उगाच नाव खराब होतं."

मी कंटाळून जेवायला गेले. परत आले तर प्रत्येक ठोकळा निळा, मध्ये फिकट, कडेला गडद होत गेलेला, अगदी शेला रंगवतात तसा. आणि गोल कडेने बारीक सोनेरी काठ!

"सोनेरी कुठून आला?"

"शिल्लक होता."

कारखान्याचे मालक बाहेर आले. कमरेवर हात ठेवून तिन्ही झाडांभोवती फेरी मारली.

"ह्याच्यावर आता काय, फांद्या येणार?"

"हो काका, फुटवे येतील, मग पावसाळ्यात हापूस बांधू."

"नको मग," ते म्हणाले, "हे असंच राहू दे!"

*

पावसाळा लागला. हवा भिजली, दोऱ्याचे फुटवे हाताच्या करंगळीएवढे जाड झाले. आता काड्या. राजूदादाने मुरुडकडच्या एका बागेतून हापूसच्या काड्या आणल्या. काड्या म्हणजे पेन्सिलीएवढे जाड शेंडे, आठवडाभर आधी झाडावरच पानं खुडून ठेवलेले, म्हणजे कोंबांचे डोळे फुगतात. ओल्या गोणीत गुंडाळून त्याने त्या पेणला नानांच्या मागच्या पडवीत ठेवल्या. सकाळी मी एसटीने जाऊन घेऊन येणार होते. नानांना फोनवर बजावलं, "काड्या जपा." नाना म्हणाले, "व्हय व्हय."

आता, नानांच्या घरी गिझर आहे. पण नानांना अंघोळीला बंबाचंच पाणी लागतं.

मी पोचले तर नाना ताजेतवाने, पंचा गुंडाळून, कपाळाला गंध लावत होते. मागे बंब धुमसत होता.

"नाना, इथली गोणी?"

"ती काय, घडी करून ठेवलीय."

"आणि आतलं?"

"सरपण ना? राजू चांगला पोरगा हाय, न सांगता आणून टाकलं. पण ओलं हाय गो. पेटता पेटेना. जुनं पायपुसणं घातलं तेव्हा कुठं धरलं."

मी बंबाजवळ मटकन बसले. "नाना, तो तुमचा हापूस होता!"

नानांचं बोट कपाळावरच थांबलं. गंध नाकापर्यंत आलं. नानीकाकू दारातून म्हणाली, "बरं झालं. गावात सांगा आता, आमच्याकडं हापूसवर पाणी तापवतात!"

नानांनी मला रिक्षास्टँडपर्यंत सोडलं. वाटेत चारदा एकच वाक्य. "तात्याला बोलू नको हां."

तात्यांना मी अजून सांगितलेलं नाही. वाचलं तर कळेल!

*

नव्या काड्या येईपर्यंत आठवडा वाया गेला. गणपती जवळ येत होते आणि माझ्या हातात नुसता फोन होता. शेवटी हापूस आणि केसर, दोन्हीच्या काड्या आल्या, आम्ही बांधायला घेतलं, आणि अर्ध्यावर प्लास्टिकच्या टोप्या संपल्या.

सुनंदामावशी म्हणाली, "थांबा. माझा भाचा बर्फाच्या कांड्या विकतो. त्याच्याकडं त्या लांब पिशव्या हायत. त्याच जाडीच्या."

"कोऱ्या ना मावशी?"

"कोऱ्या नायत. पण धुतलेल्या हायत."

आणल्या, घातल्या, मस्त बसल्या. आदल्या जन्मी टोप्याच असाव्यात अशा बसल्या. दोन दिवसांनी सकाळी सकाळी तात्यांची हाक.

"ये गो, बघ! तुझ्या कलमांना पाव्हणे आले!"

झाडाच्या बुंध्यापासून वरपर्यंत मुंग्यांची रांग. एक रांग वर जातेय, एक खाली येतेय, मध्ये एकमेकींना थांबून काहीतरी सांगतायत. काडी सडली की मुंग्या येतात, हे मला पुस्तकाने शिकवलं होतं. मी शिडीवर चढले, एक टोपी काढली, वास घेतला. मग, कुणी बघत नाही असं बघून, जीभ लावली.

ऑरेंज!

सगळ्या टोप्या उतरवल्या, पावसात भिजत एकेक धुतली, परत चढवली. नानांच्या फांदीवर ऑरेंज होतं, बाबांच्या फांदीवर कालाखट्टा. काड्या हिरव्या होत्या, शाबूत होत्या. मी शिडीवरून उतरले तेव्हा तात्या ओट्यावर चहा पीत होते.

"हापूस लागंल, नायतर केसर लागंल," ते म्हणाले, "पण दोन दिवसांत सरबत लावणारी पयली तूच!"

*

श्रावण लागला. काड्या हिरव्याच. हिरव्या, पण ढिम्म! मेल्या नाहीत आणि फुटतही नाहीत. मी उठल्याबरोबर झाडाखाली, झोपायच्या आधी झाडाखाली. ज्याला त्याला सल्ला द्यायची ऊर्मी आली. कुणी म्हणालं ताक ओता, कुणी म्हणालं झाडाला जुनी चप्पल बांधा, कुणी म्हणालं बाईमाणसाने करवत आणायलाच नको होती. या शेवटच्या गृहस्थांना मी काय उत्तर दिलं ते इथे छापण्यासारखं नाही.

तिकडे जावईबापू एका रविवारी कंपनीचे सेफ्टी शूज घेऊन आले. "नऊ नंबर मिळाले. सात नव्हते. जाड मोजे घालशील." आई माझा एकुलता एक फॉर्मल ड्रेस इस्त्री करायला बसली. घरात सगळे माझ्याशी फार प्रेमाने बोलायला लागले. त्याचीच जास्त भीती वाटायला लागली.

आणि मग आबा आले. आबा म्हणजे नानांचे सासरे, पेणच्या खाडीकाठचे, जन्म मिठागरात गेलेला. नानांकडून माझी अवस्था ऐकली आणि स्वतः रिक्षा करून आले. रिक्षातून आधी पोतं उतरलं, मग आबा.

"आबा, हे काय?"

"मीठ! बुंध्यात घालायचं. झाड उठून बसंल."

"आबा, आंबा मरेल!"

"नारळाला घालतात का नाय?"

"नारळाला घालतात, आंब्याला नाही घालत."

"नारळ झाड हाय का नाय? आंबा झाड हाय का नाय? मग?"

आबांनी पोत्याचं तोंड सोडायला घेतलं तशी मी पोत्यावर बसले. आबा समोर उकिडवे बसले. बाबा मध्यस्थी करायला आले, दोघांकडे बघून परत गेले. काकूने चहा आणला, तो मी पोत्यावर बसूनच प्यायले. आबांनी घरची चौकशी केली, भातलावणीची केली, माझ्या लग्नाची केली. मी पोत्यावरून हलले नाही. पाऊस आला तेव्हा काकूने माझ्यावर छत्री धरली, पोतं भिजू नये म्हणून.

शेवटची पेणची एसटी यायची वेळ झाली तसे आबा उठले, धोतर झटकलं, माझ्याकडे निरखून पाहिलं.

"बरं, राहिलं तुझं," ते म्हणाले. "निदान मूठभर तरी?"

*

गणपतीला तीन-चार दिवस राहिले होते. गावात मखरांची ठाकठोक चालू होती. सकाळी राजूदादा शिडी न्यायला आला, कारण कुणाच्या तरी घरी पताका लावायच्या होत्या. शिडी उचलता उचलता त्याने सहज वर पाहिलं आणि शिडी धाडकन टाकली.

"ए! ए, रस्त्याकडचीला आलं!"

मी अनवाणी धावले. नानांच्या फांदीवर एका टोपीत तांबडं काहीतरी दिसत होतं. चढून बघितलं. चिमणीच्या जिभेएवढी पालवी, तांबूस, ओलसर, टोपीला आतून टेकलेली. मग शेजारच्या टोपीत. मग विहिरीकडच्या फांदीवर. केसर आला होता, हापूस आला होता! काही काड्या वाळल्या होत्या, पण इतक्या लागल्या होत्या की मोजता मोजता बोटं संपली. मी शिडीच्या मधल्या पायरीवरच बसकण मारली आणि उगाच हसत सुटले. बाबा पेपर घेऊनच बाहेर आले होते, तो त्यांनी पावसात डोक्यावर धरला. आई इस्त्रीचा ड्रेस हातात घेऊन आली. सुनंदामावशी धावत आली आणि वर बघून म्हणाली, "कालाखट्ट्याची जास्त लागलीत हां!"

बाबांनी नानांना फोन लावला. पलीकडून एवढी आरडाओरड झाली की स्पीकरची गरज पडली नाही.

तात्या आले. चष्मा लावला. आधी नानांच्या फांदीखाली उभे राहून वर बघितलं, मग बाबांच्या. बराच वेळ बघितलं. हात मागे बांधलेले. मग घरात गेले आणि फोन उचलून जावयाला लावला. आम्ही सगळे दाराशी कान लावून.

"पोरगी नाय येत... नाय, बरी हाय, काय झालं नाय तिला... अवो, काम हाय तिला! ...बूट? बूट राजूला बसतात!"

फोन ठेवला, आणि एवढंच. शाबासकी नाही, काही नाही. मी मनात म्हटलं, जाऊ दे, यांच्याकडून काय अपेक्षा करायची! त्या दिवशी मी दुपारी जेवून जी झोपले ती दुसऱ्या दिवशी सकाळीच उठले. महिन्याभराची झोप होती.

उठले तीसुद्धा आवाजाने. खर्र... खर्र... खर्र. अंगणात भुरभुर पाऊस, आणि झाडाखाली भुसा पडत होता. काकू दोन्ही हात डोक्यावर ठेवून वर बघत उभी.

मी बाहेर पळाले. राजूदादाची शिडी झाडाला लावलेली. घराकडच्या फांदीच्या बेचक्यात तात्या! डोक्याला टॉवेल, धोतराचा काचा मारलेला, हातात करवत. अर्धी फांदी कापून झालेली!

"तात्या! उतरा आधी! काय करताय?"

"दिसत नाय?" खर्र... खर्र. "माझीवर पण बांध."

"काय बांधू? पावसात कापत नाहीत हो! कुजेल ती! आणि बाकीचं झाड अजून तिच्यावरच तगलंय! शिमगा होऊ दे. शिमग्याला मी स्वतः कापते, मग पुढच्या पावसाळ्यात हापूस म्हणाल तर हापूस, केसर म्हणाल तर केसर. एवढी काय घाई आहे?"

करवत थांबली. पानांमधून तात्यांनी खाली वाकून पाहिलं.

"तू थांब गो," ते म्हणाले. "तुझं वय हाय थांबायचं. मला घाई हाय."